सोलापुरात केशरोपण : शस्त्रक्रियेच्या दिवशी काय घडते आणि कशाकडे लक्ष ठेवावे

केशरोपणाचा विचार करणाऱ्या माणसाला दोन गोष्टी न मागता मिळतात : आधीचे-नंतरचे फोटो आणि प्रति ग्राफ्ट (मागून काढून पुढे लावायचे केसाचे एक मूळ) दर. या दोहोंच्या मधला जो एक अख्खा दिवस शस्त्रक्रियेच्या टेबलावर काढावा लागतो, त्या दिवशी नेमके काय होते, कोण काय करते आणि आपण काय विचारायचे असते, हे मात्र कोणी नीट सांगत नाही. सोलापुरातील एका त्वचारोग व केशरोपण केंद्रात मी गेल्या हिवाळ्यात ही शस्त्रक्रिया करून घेतली, आणि त्या दिवसाचा हा अभिप्राय आहे. केंद्राचे नाव मी देत नाही, कारण येथे कौतुकाबरोबर तक्रारीही आहेत आणि त्या तक्रारी एका केंद्रापेक्षा या व्यवसायात रुळलेल्या पद्धतीविषयी अधिक आहेत. अभिप्राय देताना मी एकच निकष लावला आहे : त्या दिवसातले कोणते काम डॉक्टरांच्या हातून झाले आणि कोणते इतरांच्या हातून. दर, जेवण, प्रतीक्षागृह हे सगळे त्यानंतर येते.

या निकषाला आधार आहे. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने सप्टेंबर २०२२ मध्ये सौंदर्यविषयक शस्त्रक्रिया आणि केशरोपण यांबाबत मार्गदर्शक सूचना काढल्या. कार्यशाळेत बसून किंवा यूट्यूबवर पाहून मिळवलेले ज्ञान हे प्रशिक्षण मानता येणार नाही, ही शस्त्रक्रिया त्वचारोगतज्ज्ञांनी किंवा शस्त्रक्रियेचे रीतसर शिक्षण घेतलेल्या डॉक्टरांनीच करावी आणि अचानक गुंतागुंत झाल्यास ती हाताळण्याची सोय असावी, असा त्या सूचनांचा आशय आहे. केशरोपणात पोट उघडावे लागत नाही, पूर्ण भूलही द्यावी लागत नाही, म्हणून लोक त्याला सलूनच्या पंक्तीत बसवतात. प्रत्यक्षात डोक्याच्या कातडीला हजारो बारीक छेद द्यावे लागतात आणि भुलीचे औषध बऱ्याच मोठ्या प्रमाणात टोचावे लागते. त्यामुळे पहिल्या भेटीतच मी डॉक्टरांची पदवी आणि नोंदणी क्रमांक विचारून घेतला. त्वचारोगशास्त्रात एमडी असलेल्या डॉक्टर मॅडमनी तो काहीही वाईट वाटून न घेता दाखवला, आणि माझ्या मते या केंद्राची पहिली जमेची बाजू हीच.

शस्त्रक्रियेची तारीख ठरल्यावर रक्ताच्या तपासण्या झाल्या : हिमोग्लोबिन, साखर, रक्त गोठण्याचा वेळ, एचआयव्ही आणि हिपॅटायटिस बी व सी या काविळींच्या चाचण्या. वय चाळिशीच्या पुढे असल्याने ईसीजीही काढला. मिनॉक्सिडिल हे केसवाढीचे औषध लावणे आठवडाभर आधी बंद करायला सांगितले, कारण त्याने कातडीतला रक्तप्रवाह वाढतो. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी मात्र त्या आपल्या मनाने बंद करू नयेत, ज्यांनी त्या सुरू केल्या त्या डॉक्टरांनाच विचारावे, ही गोष्ट मॅडमनी दोनदा बजावली आणि ती इथेही लिहून ठेवतो. दारू आणि तंबाखू पूर्ण बंद. आपल्याकडे मावा आणि गुटखा सोडणे किती जणांना जड जाते हे सर्वांनाच ठाऊक आहे, पण निकोटीनमुळे बारीक रक्तवाहिन्या आकसतात आणि नव्याने लावलेल्या मुळांना जगण्यासाठी त्याच रक्तवाहिन्यांचा आधार असतो, एवढे समजल्यावर टाळाटाळ करण्यात अर्थ राहत नाही.

त्या दिवशी सकाळी घरीच शाम्पूने डोके धुऊन, पोटभर नाश्ता करून, पुढून बटणे असलेला शर्ट घालून यायला सांगितले होते. बटणांचा शर्ट ही बारीकशी सूचना वाटते, पण संध्याकाळी डोक्यावरून बनियन किंवा टी-शर्ट काढता येत नाही तेव्हा तिचे महत्त्व कळते. चहा-कॉफी टाळायची होती. सोबत पत्नी होती आणि कोणीतरी सोबत असलेच पाहिजे, कारण परत जाताना गाडी चालवता येत नाही आणि हेल्मेट तर पुढचे कित्येक दिवस घालता येत नाही. दुचाकीवर येऊन दुचाकीवर परत जाण्याचा बेत असेल तर तो सोडून द्यावा.

साडेआठला पोहोचल्यावर सगळ्या बाजूंनी फोटो काढले, संमतीपत्र पुढे ठेवले आणि त्यानंतर मॅडम स्वतः केसांची रेषा आखायला बसल्या. त्या दिवसातील सर्वांत मोलाचा वेळ कोणता असे कोणी विचारले तर मी हाच सांगेन. कपाळावरची पुढची रेषा कोठे यावी, याबद्दल माझे म्हणणे आणि त्यांचे म्हणणे यांत बोटभर अंतर होते. मला ती खाली हवी होती, कॉलेजच्या दिवसांत होती तशी. त्यांनी आरशासमोर बसवून शांतपणे समजावले की डोक्याच्या मागच्या आणि बाजूच्या भागात, ज्याला डोनर एरिया म्हणतात, तिथे मुळांचा साठा मर्यादित असतो आणि एकदा काढलेले मूळ तिथे पुन्हा येत नाही. आज सगळा साठा पुढची रेषा खाली आणण्यात खर्च केला आणि पुढच्या दहा-पंधरा वर्षांत माथ्यावरचे उरलेले केसही गेले, तर पुढे केसांची पट्टी आणि मागे मोकळे मैदान असे दिसेल. शिवाय पन्नाशीतल्या माणसाच्या चेहऱ्यावर विशीतली रेषा शोभत नाही. त्यांनी रेषा किंचित वर ठेवली, ती मुद्दाम थोडी वेडीवाकडी आखली, कारण निसर्गात केसांची रेषा पट्टीने ओढल्यासारखी नसते, आणि टाळूवरचा भाग या वेळी न भरण्याचा सल्ला दिला. जास्त ग्राफ्ट म्हणजे जास्त बिल, हा हिशेब उघड असताना कमी ग्राफ्ट सुचवणाऱ्या डॉक्टरांवर विश्वास ठेवायला हरकत नाही.

मागचे केस टिकतात आणि पुढचे का जातात, हे मी तेव्हाच विचारून घेतले. पुरुषांमधल्या आनुवंशिक टकलात डीएचटी या संप्रेरकाला पुढच्या आणि माथ्यावरच्या केसांची मुळे संवेदनशील असतात, मागची आणि कानांवरची सहसा नसतात. मागचे मूळ पुढे आणून लावले तरी ते आपला मूळचा गुण सोडत नाही, हे न्यूयॉर्कचे त्वचारोगतज्ज्ञ नॉर्मन ओरेन्ट्राइक यांनी १९५० च्या दशकात दाखवून दिले आणि आजचे सगळे केशरोपण त्याच निरीक्षणावर उभे आहे. मूळ हलवण्याची साधने तेवढी बदलली. पूर्वी मागची कातडीची पट्टीच कापून काढत आणि टाके घालत. एफयूटी नावाने ती पद्धत आजही आहे. माझी शस्त्रक्रिया एफयूई पद्धतीची होती, म्हणजे एकेक मूळ सुटे काढायचे.

त्यानंतर मागच्या आणि बाजूच्या केसांवर मशीन मारून ते अगदी बारीक केले, डोके जंतुनाशकाने धुतले आणि मला पालथे झोपवले. पलंगाला चेहऱ्यासाठी गोल खाच होती. बोटाला नाडी आणि ऑक्सिजन मोजणारी चिमटी लावली, झायलोकेन या भुलीच्या औषधाचा टेस्ट डोस दिला आणि थोडा वेळ थांबून भुलीची इंजेक्शने सुरू झाली. वेदनेबद्दल खरे सांगायचे तर ही पहिली काही मिनिटेच त्रासाची असतात. डोक्याभोवती कड्यासारखी एकामागून एक इंजेक्शने देतात, त्यातली सुरुवातीची चांगलीच चुरचुरतात, डोळ्यांत पाणी येते, आणि मग कातडी जड होत होत बधिर होते. भुलीच्या औषधात अ‍ॅड्रेनलिन असते, ते रक्तस्राव कमी करते, पण त्यामुळे काही जणांना थोडा वेळ छातीत धडधडते. मला ती धडधड जाणवली आणि आधी सांगून ठेवलेले असल्यामुळे घाबरलो नाही. भूल मॅडमनी स्वतः दिली आणि तेवढा वेळ त्या बोलत राहिल्या. झायलोकेनच्या डोसाला वजनानुसार मर्यादा असते, ती ओलांडल्यास झटके येण्यापासून हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम होण्यापर्यंत गंभीर धोका संभवतो, म्हणून हे काम डॉक्टरांखेरीज कोणाच्या हाती देणारे केंद्र असेल तर तेथून उठून यावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

मुळे काढण्याचे काम दुपारपर्यंत चालले. एक मिलिमीटरपेक्षाही कमी व्यासाचा गोल पंच एका छोट्या मोटरला लावलेला असतो, तो मुळाभोवती फिरवून कातडी सुटी करतात आणि मग बारीक चिमट्याने मूळ अलगद ओढून घेतात. दुखत नाही, पण कानाशी सतत घरघर ऐकू येते आणि पालथे पडून मान आणि खांदे आखडतात. आपण सांगितले तर मध्ये दोन-चार मिनिटे थांबतात. सांगायला संकोच करू नये. पंच मॅडमच्या हातात होता. सुरुवातीची मुळे त्यांनी भिंगाखाली तपासली, कारण पंचाचा कोन जरा चुकला की मूळ मधेच तुटते आणि वाया जाते, आणि तपासून झाल्यावर कोन थोडा बदलून पुढे गेल्या. काढलेली मुळे थंड सलाइनच्या बशीत ठेवत होते आणि दोन तंत्रज्ञ ती एका केसाची, दोन केसांची, तीन-चार केसांची अशी वेगळी करून मोजत होत्या. इथे आपल्या भागातल्या शेतकऱ्याला समजेल अशी गोष्ट म्हणजे कांद्याचे रोप : वाफ्यातून उपटलेले रोप उन्हात सुकले की पुन्हा लावून उपयोग नसतो, आणि केसाच्या मुळाचेही तसेच असते. बाहेर ते जितका वेळ राहील आणि जितके कोरडे पडेल, तितके ते उगवण्याची शक्यता घटते. बशीवरचे सलाइन कमी झालेले एका तंत्रज्ञ मुलीने दुसरीला तेलुगूत सांगितले आणि लगेच ते भरले गेले. त्या मुली आपसांत तेलुगू आणि कन्नड बोलत, माझ्याशी मराठीत, आणि काम करताना त्यांच्यापैकी कोणीही मोबाइलला हात लावला नाही. हे मला फार आवडले.

जेवणाच्या सुट्टीआधी मोजणीचा कागद मला दाखवला. दोन हजारांच्या थोडे वर ग्राफ्ट झाले होते, आणि ग्राफ्ट म्हणजे एक केस नव्हे हे तिथे डोळ्यांनी दिसले : एका ग्राफ्टमध्ये एकापासून चारपर्यंत केस असतात. ज्या केंद्रात केसांचा आकडा आणि ग्राफ्टचा आकडा एकमेकांत मिसळून सांगितला जातो, तिथे लेखी खुलासा मागावा. जेवण साधे होते, वरणभात, भाजी आणि ताक.

यानंतरचा भाग मला कमी पटला. दुपारी मला उताणे झोपवल्यावर मॅडमनी पुढच्या भागात बारीक चिरा पाडल्या. नव्या केसांची दिशा, कोन आणि दाटी या चिरांवरच ठरते. पुढच्या ओळीत केवळ एका केसाची मुळे, त्यामागे दोन केसांची, आणि कोन कपाळाजवळ जवळजवळ आडवा, ही सारी कारागिरी त्यांनी जातीने केली आणि ती अप्रतिम होती. पण चिरा पाडून झाल्यावर त्या शेजारच्या खोलीत गेल्या, कारण तिथे दुसऱ्या रुग्णाची शस्त्रक्रिया सुरू होत होती. मुळे बसवण्याचे तास-दोन तासांहून अधिक चाललेले काम तंत्रज्ञांनी केले. हे काम तंत्रज्ञांनी करणे सर्वत्र चालते आणि कसबी हात असतील तर त्यात धोका नाही, हे मी मान्य करतो. माझी हरकत वेगळी आहे. सकाळी ज्या दोघी होत्या त्यांतली एक दुसऱ्या खोलीत गेली आणि तिच्या जागी आलेला मुलगा नवखा होता. एकच मूळ दोन-तीन वेळा चिमट्यात पकडून बसवताना मला जाणवत होते. मुळाला वारंवार दाबणे, चिमटणे हे त्याच्यासाठी वाईट असते. मी मॅडमना बोलावून घ्या असे सांगितले, त्या आल्या, त्यांनी पाहिले आणि त्या मुलाला फक्त मुळे पुढे करण्याच्या कामावर ठेवले. तक्रारीची दखल तत्काळ घेतली गेली हे खरे, परंतु टेबलावर पडलेल्या, अर्धवट गुंगीतल्या माणसाने अशी तक्रार करण्याची वेळच येता कामा नये. एका दिवशी एकच रुग्ण घ्यावा, निदान बसवण्याचे काम चालू असताना डॉक्टरांनी त्याच खोलीत असावे, अशी माझी आग्रहाची सूचना आहे. जे केंद्र शोधत आहेत त्यांनी तारीख ठरवण्यापूर्वी एवढे अवश्य विचारावे की त्या दिवशी तिथे आणखी कोणाची शस्त्रक्रिया आहे का, आणि बसवणाऱ्यांची नावे आधी कळतील का.

संध्याकाळी मागच्या बाजूला पट्टी बांधली, पुढचा भाग उघडाच ठेवला, सैलसर टोपी दिली. अँटिबायोटिक, वेदनाशामक आणि सूज कमी करणाऱ्या थोड्या दिवसांच्या गोळ्या, सलाइनचा फवारा, आणि पुढच्या काही रात्री दोन-तीन उशा घेऊन डोके उंच ठेवून झोपण्याची सूचना मराठीत छापलेल्या कागदावर मिळाली. कागद उत्तम होता. बिलाबाबत मात्र समाधान नाही. रुग्णालयातील उपचारांना जीएसटीतून सूट असते, पण केशरोपण आणि सौंदर्यशस्त्रक्रिया त्या सवलतीतून वगळलेल्या आहेत, त्यामुळे १८ टक्के कर वर लागला. हा कर योग्यच असेल, पण पहिल्या भेटीत सांगितलेल्या दरात त्याचा उल्लेख नव्हता. पीआरपीची, म्हणजे आपल्याच रक्तातून वेगळ्या काढलेल्या प्लेटलेटयुक्त द्रवाची, इंजेक्शने त्याच दिवशी वेगळ्या पैशांत घेण्याचा आग्रह काउंटरवरून झाला. मॅडमनी स्वतः तो धरला नाही, मी ती घेतली नाहीत. आरोग्य विम्यातून हा खर्च सहसा मिळत नाही, हेही लक्षात ठेवावे. आणि सोबत आलेल्या माणसासाठी दिवसभर बसायला एक बाकडे, एवढीच सोय होती. पत्नीने पूर्ण दिवस त्यावर काढला. तिला दर तासाला आत काय चालले आहे हे कोणी येऊन सांगितले असते तर बरे झाले असते.

नंतरचे थोडक्यात. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कपाळ आणि डोळ्यांच्या वर सूज उतरते, कारण भुलीसोबत टोचलेले पाणी खाली सरकते. ती आपोआप ओसरते. खपल्या आठ-दहा दिवसांत गळतात, नखाने काढू नयेत. दुसऱ्या आठवड्यापासून पुढच्या दोन महिन्यांत लावलेले केस गळून पडतात आणि माणूस हबकतो, परंतु मूळ आत शाबूत असते. नवी वाढ तिसऱ्या-चौथ्या महिन्यापासून दिसू लागते आणि पूर्ण निकालाला वर्ष लागते. माझे वर्ष भरत आले आहे. पुढची रेषा नैसर्गिक दिसते, उजव्या बाजूला थोडी विरळ आहे. जुने केस टिकवण्यासाठीची औषधे पुढेही चालू ठेवावी लागतात, ती कोणती आणि त्यांचे दुष्परिणाम काय हे डॉक्टरांकडून शस्त्रक्रियेच्या आधीच समजून घ्यावे.

पुणे किंवा हैदराबाद सोडून सोलापुरातच का, असे अनेकांनी विचारले. पहिली धुलाई केंद्रातच करून देतात, सूज आली किंवा मागे खाज सुटली की दहा मिनिटांत जाऊन दाखवता येते, आणि डोक्याला काहीही टेकू न देता अडीचशे-तीनशे किलोमीटर रेल्वेत किंवा बसमध्ये बसावे लागत नाही. याउलट सोलापुरासाठी काही खास दक्षता घ्यावी लागते. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो, घाम आणि ऊन दोन्ही नव्या मुळांना त्रासदायक, म्हणून दिवाळीनंतरचे दिवस बरे. पण संक्रांतीला सिद्धेश्वराची यात्रा असते. होम मैदानावर भरणाऱ्या जत्रेची, म्हणजे गड्ड्याची, गर्दी आणि धूळ ताज्या टाळूला सोसणार नाही, तेव्हा तारीख निदान तीन-चार आठवडे आधीची घ्यावी किंवा सरळ यात्रेनंतरची. शहरात नळाला काही दिवसांआड पाणी येते, साठवलेल्या पाण्याने डोके धुण्यापूर्वी ते उकळून गार करून घ्यावे, असे केंद्राने आवर्जून सांगितले होते. आपल्या सोलापुरी टॉवेलने खसाखसा पुसण्याची सवय महिनाभर बाजूला ठेवायची, टॉवेल नुसता टेकवायचा.

धाराशिव, लातूर, विजयपूर किंवा कलबुर्गीकडून येणाऱ्यांनी त्या रात्री सोलापुरातच मुक्काम करावा. दुसऱ्या दिवशी सकाळी मागची पट्टी काढून जखम तपासतात, फवारा कसा मारायचा ते सोबतच्या माणसाच्या हातून करवून घेतात, आणि ही भेट बिलातच धरलेली असते. मुक्कामासाठी खोली घेताना तळमजल्यावरची आणि जादा उशा देणारी बघावी, आणि परतीचे आरक्षण दुपारनंतरचे करावे.